रुंद नजरेच्या कॅमेऱ्याचे गणित

पनवेलहून माथेरानच्या डोंगराकडे तोंड करून निघाले, की गाढी नदीच्या खोऱ्यात नेरे हे गाव लागते. कुष्ठरुग्णांसाठी काम करणारे शांतिवन याच परिसरात असल्यामुळे तुमच्यापैकी काहींनी हे नाव ऐकलेही असेल. भातशेतीच्या या गावाभोवती आता इमारती आणि बागायती प्लॉट वाढले आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक फाटकावर एक लहानसा पांढरा कॅमेरा डोळे वटारून बसलेला दिसतो. अशाच एका कॅमेऱ्यामुळे मला भौतिकशास्त्राचा एक तास वर्गाबाहेर घ्यावा लागला. ती हकिगत आधी सांगतो.

तेथील एका सोसायटीच्या पंपघरातून रात्री पाण्याची मोटर चोरीला गेली. इमारतीच्या भिंतीवर बसवलेल्या कॅमेऱ्यात सारा प्रकार टिपला गेला होता. अंगण, रस्ता, फाटक, पंपघर, कुंपण, सगळे एकाच चित्रात. पांढरा शर्ट घातलेला एक माणूस पंपघरात जातो आणि खांद्यावर ओझे घेऊन बाहेर पडतो, हेही दिसत होते. सकाळी चार जणांनी ते चित्र मोठे करून पाहिले आणि कोणीतरी म्हणाले, "हा तर आपला दूधवाला पोरगा!" पहाटे दूध घालणारा तो मुलगा जवळच्या एका वाडीवरचा, अकरावीत शिकणारा, म्हणजे तुमच्याच वयाचा. त्याच्याजवळ पांढरा शर्ट होता. एकाने म्हटले म्हणून दुसऱ्यालाही तसेच दिसू लागले आणि दुपारपर्यंत सगळ्यांची खात्रीच झाली. त्या सोसायटीत माझे एक स्नेही राहतात. प्रकरण पोलिसांत नेण्याआधी 'चित्र स्वच्छ करून देता येते का' हे विचारण्यासाठी त्यांनी मला बोलावले. मी जाताना पन्नास मीटरची टेप तेवढी बरोबर नेली.

टेप कशासाठी, हे समजायला एक सोपा प्रयोग करा. जाड पुठ्ठ्यात २० सेंटिमीटर रुंद आणि सव्वाअकरा सेंटिमीटर उंच अशी चौकट कापा. एक डोळा मिटा आणि चौकट दुसऱ्या डोळ्यापासून १० सेंटिमीटर अंतरावर धरून वर्गाच्या दारातून मैदानाकडे पाहा. जवळजवळ सगळे मैदान चौकटीत मावेल. आता चौकट २० सेंटिमीटरवर न्या, मग हात पूर्ण लांब करून ६० सेंटिमीटरवर न्या. मैदान चौकटीबाहेर सांडत जाईल आणि शेवटी समोरचे एखादे झाड तेवढे उरेल. पहिल्या स्थितीत तुमच्या डोळ्याशी झालेला कोन ९० अंशांचा होता, दुसऱ्या स्थितीत ५३ अंशांचा आणि तिसऱ्या स्थितीत १९ अंशांचा. चौकट तीच, बदलले ते तिचे डोळ्यापासूनचे अंतर.

कॅमेऱ्यातही नेमके हेच घडते. तेथे चौकटीच्या जागी संवेदक असतो. संवेदक म्हणजे सिलिकॉनची एक पातळ चकती. तिच्यावर भिंग बाहेरच्या दृश्याची उलटी प्रतिमा पाडते. दूरच्या वस्तूंची प्रतिमा भिंगापासून जेवढ्या अंतरावर पडते, ते त्या भिंगाचे नाभीय अंतर, हे तुम्ही दहावीत शिकलाच आहात. आज बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच सुरक्षा कॅमेऱ्यांत सुमारे ५.६ मिलिमीटर रुंदीचा संवेदक असतो, आणि 'वाइड अँगल' म्हणून जे विकले जातात त्यांतील पुष्कळांच्या भिंगाचे नाभीय अंतर २.८ मिलिमीटर असते. खोक्यावर '२.८ एमएम' असे छापलेले दिसते ते हेच. दुकानदार कधी कधी तो कॅमेऱ्याच्या काचेचा व्यास आहे असे सांगतो. तिकडे लक्ष देऊ नका.

आता समरूप त्रिकोण आठवा. भिंगाच्या आत एक लहान त्रिकोण आहे. त्याचा पाया ५.६ मिलिमीटर आणि उंची २.८ मिलिमीटर. भिंगाच्या बाहेर तशाच आकाराचा एक प्रचंड त्रिकोण आहे. त्याची उंची म्हणजे वस्तूचे अंतर आणि पाया म्हणजे त्या अंतरावर चित्रात मावणारी रुंदी. दोन्ही त्रिकोण समरूप असल्यामुळे

दृश्याची रुंदी = अंतर × (संवेदकाची रुंदी ÷ नाभीय अंतर).

५.६ भागिले २.८ म्हणजे बरोबर २. तेव्हा या कॅमेऱ्याला १० मीटरवर २० मीटर रुंदीचे दृश्य दिसते, २० मीटरवर ४० मीटर रुंदीचे. कोन काढला तर तो ९० अंश येतो, म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकटीची पहिली स्थिती. भिंग ६ मिलिमीटरचे असेल तर १० मीटरवर फक्त सव्वानऊ-साडेनऊ मीटर दिसतात, आणि १२ मिलिमीटरचे असेल तर त्याच्या निम्मे.

येथपर्यंत रुंद भिंगाचा फायदाच दिसतो. पण संवेदकावर ठिपके किती, हा प्रश्न अजून आपण विचारलेला नाही. संवेदक हा एक प्रकारचा आलेखकागद आहे. त्यावरच्या प्रत्येक चौकोनाला पिक्सेल किंवा चित्रबिंदू म्हणतात. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात आडव्या ओळीत असे १,९२० चौकोन असतात. समोर २० मीटरचे दृश्य असो की ४० मीटरचे, ते याच १,९२० चौकोनांत बसवावे लागते. वाटीभर तूप एका पोळीला लावा किंवा दहा पोळ्यांना. तूप तेवढेच राहते.

तेव्हा दर मीटरला किती चित्रबिंदू वाट्याला येतात, हेच मोजले पाहिजे. २.८ मिलिमीटरच्या भिंगासाठी हिशेब तोंडी करता येतो: १,९२० भागिले अंतराची दुप्पट, म्हणजेच ९६० भागिले अंतर. १० मीटरवर ९६ बिंदू, २० मीटरवर ४८, ४० मीटरवर २४. आंतरराष्ट्रीय विद्युत्‌-तांत्रिक आयोगाने २०१४ साली सुरक्षा कॅमेऱ्यांसाठी जे प्रमाणक प्रसिद्ध केले, त्यात या संख्येवरून काही पायऱ्या ठरवलेल्या होत्या. दर मीटरला २५ बिंदू असतील तर दृश्यात माणूस आहे एवढे सांगता येते. सुमारे ६२ बिंदू असतील तर त्याचा पेहराव आणि हालचाल कळते. १२५ बिंदूंना, आधीपासून ओळखीचा माणूस हाच की नाही ते सांगता येते. आणि अनोळखी माणसाची ओळख निःसंशय पटवायची तर २५० बिंदू हवेत. आपल्या कॅमेऱ्यासाठी ही अंतरे काढा. पहिल्या पायरीसाठी ३८ मीटर, दुसरीसाठी साडेपंधरा, तिसरीसाठी ७.७ आणि चौथीसाठी फक्त ३.८ मीटर! ज्या कॅमेऱ्याला सारे अंगण दिसते, त्याला अनोळखी चेहरा मात्र खोलीच्या लांबीएवढ्याच अंतरापर्यंत ओळखता येतो.

सोसायटीत मी टेप धरली तेव्हा कॅमेऱ्यापासून पंपघराच्या दारापर्यंतचे अंतर २७ मीटर भरले. ९६० भागिले २७ म्हणजे दर मीटरला साधारण ३५ बिंदू. माणसाचा चेहरा सुमारे १६ सेंटिमीटर रुंद असतो. म्हणजे चोराच्या चेहऱ्याच्या वाट्याला आडवे जेमतेम सहा बिंदू आले होते. सोसायटीच्या कार्यालयात आलेखवहीचे एक पान मिळाले. मी त्यावर सहा चौकोन आडवे आणि आठ उभे आखले आणि समितीच्या सभासदांना म्हटले, की प्रत्येक चौकोन एकाच छटेने भरायचा या अटीवर यात तुमच्या मुलाचा चेहरा काढा. एकाने पेन्सिल हातात घेतली, चार-पाच चौकोन काळे केले आणि ठेवून दिली. डोळ्यांच्या जागी एकेक काळा चौकोन, तोंडाच्या जागी दोन. असा चेहरा कोणाचाही होऊ शकतो. तुम्हीही वर्गात हा प्रयोग जरूर करा. दहा जणांनी दहा चेहरे काढावेत आणि कोणता कोणाचा हे इतरांनी ओळखावे.

"पण मोठे केले की दिसते ना!" असा आक्षेप तेथे निघाला, आणि तो नेहमीच निघतो. पडद्यावर चित्र मोठे केले की चौकोन मोठे होतात, नवे चौकोन तयार होत नाहीत. संगणक मधल्या जागा अंदाजाने भरून चित्र गुळगुळीत करून देईल, पण तो अंदाज संगणकाचा आहे, त्या रात्रीच्या प्रकाशाचा नव्हे. संवेदकावर जे पडलेच नाही ते मागाहून काढता येत नाही. चित्रपटात तज्ज्ञ एक बटण दाबतो आणि धूसर नंबरप्लेट लख्ख होते, ते दिग्दर्शकाच्या सोयीसाठी!

राहिला पांढरा शर्ट. तेथे भौतिकशास्त्राचा आणखी एक मुद्दा आडवा आला. रात्री असे कॅमेरे स्वतःच प्रकाश टाकतात, आणि तो असतो अवरक्त. त्याची तरंगलांबी बहुधा ८५० नॅनोमीटर असते. आपल्या डोळ्यांना तो जवळजवळ दिसत नाही (जवळून पाहिल्यास दिव्यांवर मंद लाली दिसते एवढेच), सिलिकॉनला मात्र चांगला दिसतो. टीव्हीच्या रिमोटचे टोक मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. पुष्कळ मोबाइलवर तेथे दिवा लुकलुकताना दिसेल. अवरक्त प्रकाशात कपड्याचा आपल्याला दिसणारा रंग निरुपयोगी ठरतो. अनेक रंगद्रव्ये दृश्य प्रकाश शोषतात, पण अवरक्त प्रकाश शोषत नाहीत. त्यामुळे दिवसा काळा किंवा निळा दिसणारा कपडा रात्रीच्या चित्रात पांढराफटक दिसू शकतो. आम्ही त्याच रात्री दोन काळे शर्ट आणि एक गडद निळा सदरा पंपघरासमोर दोरीवर टांगून पाहिले. त्यांतला एक काळा शर्ट चित्रात धुतल्यासारखा पांढरा दिसला.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. या हिशेबाने तो मुलगा निर्दोष ठरला, असे मी समितीला सांगितले नाही. सांगितले ते इतकेच, की या चित्राला 'तोच' असेही म्हणता येत नाही आणि 'तो नव्हे' असेही म्हणता येत नाही. माणूस होता, एकटा होता, अमुक वाजता आला, एवढ्यापुरतीच त्याची साक्ष. चित्रातला माणूस साधारण ६० बिंदू उंच होता; दोन-तीन बिंदू इकडेतिकडे धरले तर त्याच्या उंचीतच आठ-नऊ सेंटिमीटरचा फरक पडतो. सकाळच्या चार जणांच्या खात्रीला चित्रात आधार नव्हता. सभासद काही वेळ गप्प राहिले. मग एकाने विचारले, की आम्ही जो कॅमेरा घेतला तो वाईट निघाला का?

नाही, कॅमेरा वाईट नव्हता. त्याच्याकडून मागणी चुकीची होत होती. रुंद नजरेचा कॅमेरा हा गावाच्या नकाशासारखा असतो. नकाशात प्रत्येक घराचा उंबरठा कोणी शोधत नाही. कोण कोणत्या बाजूने आला, किती जण होते, कोणत्या दिशेने गेले, गाडी होती का, किती वेळ थांबले, हे सगळे एका नजरेत दाखवण्यासाठीच तो असतो, आणि त्या कामात त्याला तोड नाही. याच चित्रात मागे जाऊन पाहिले तेव्हा कळले, की तो माणूस फाटकातून आलाच नव्हता. ओढ्याच्या बाजूला कुंपणाची तार तुटली होती, तेथून तो शिरला होता. सकाळपासून सगळे त्या सहा ठिपक्यांकडे पाहत बसल्यामुळे ही गोष्ट कोणाच्या ध्यानातच आली नव्हती!

रुंद भिंगाचा दुसरा गुण असा, की त्याला केंद्रित करण्याची फारशी कटकट नसते. नाभीय अंतर लहान असले म्हणजे जवळच्या आणि दूरच्या वस्तू एकाच वेळी स्पष्ट उमटतात. २.८ मिलिमीटरच्या भिंगात साधारण दीड मीटरवर केंद्रीकरण केले, की पाऊण मीटरपासून थेट प्रबळगडाच्या माथ्यापर्यंत सारे रेखीव दिसते. लांब पल्ल्याच्या भिंगांत ही सोय नाही.

मग जास्त मेगापिक्सेलचा कॅमेरा घेतला तर? पुष्कळ लोक हाच मार्ग धरतात. दोनऐवजी आठ मेगापिक्सेल म्हणजे चौपट बिंदू, तेव्हा चौपट लांबचे दिसेल असे वाटते. पण चौपट बिंदू लांबी आणि उंची या दोन्हींत वाटले जातात. आडव्या ओळीत १,९२० चे ३,८४० होतात, म्हणजे दुप्पटच. ओळखीचे अंतर ३.८ मीटरवरून ७.७ मीटरवर जाते. २७ मीटर अजून दूरच. शिवाय त्याच आकाराच्या संवेदकावर चौपट चौकोन आखले, तर प्रत्येक चौकोनाचे क्षेत्रफळ पावपट होते आणि त्यावर पडणारा प्रकाशही पावपट. दिवसा हे खपून जाते, रात्री चित्रात मुंग्या आल्यासारखे दिसते. म्हणून बाहेरच्या जागेसाठी मेगापिक्सेल वाढवताना संवेदकही मोठा आहे का, हे विचारावे.

सोसायटीला मी दुसरा मार्ग सुचवला. रुंद कॅमेरा आहे तेथेच राहू द्या आणि फाटकावर लांब नाभीय अंतराचा एक कॅमेरा वेगळा लावा. फाटक चार मीटर रुंद होते. दर मीटरला २५० बिंदू हवेत, तर १,९२० बिंदूंत ७.६८ मीटरपेक्षा जास्त रुंदीचे दृश्य घेऊन चालणार नाही. ६ मिलिमीटरचे भिंग ८ मीटरवरून साडेसात मीटर रुंदीचे दृश्य देते. काम झाले! म्हणजे त्याच दोन मेगापिक्सेलचा साधाच कॅमेरा, पण भिंग वेगळे आणि जागा मोजून ठरवलेली.

यावर कोणी म्हणेल, की ९० अंशांवरच का थांबायचे, १८० अंश दिसणारा कॅमेरा का नको? वरच्या सूत्राकडे पुन्हा पाहा. अर्ध्या कोनाचा टॅन हे तेथील गुणोत्तर आहे. १८० अंशांचा अर्धा ९० अंश, आणि टॅन ९० अनंत होतो. तेव्हा सरळ रेषा सरळच ठेवणाऱ्या भिंगाला १८० अंशांसाठी अनंत रुंदीचा संवेदक लागेल. यातून सुटण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे सरळ रेषा सरळ ठेवण्याचा हट्ट सोडणे. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९०६ साली पाण्याने भरलेल्या, बारीक छिद्र असलेल्या कॅमेऱ्यातून छायाचित्रे काढून माशाला पाण्याखालून जग कसे दिसत असेल ते दाखवले. पाण्यात शिरताना प्रकाशाचे वक्रीभवन होते आणि पाण्याबाहेरचे १८० अंशांचे सारे जग सुमारे ९७ अंशांच्या शंकूत आकसून येते. 'फिशआय' हे नाव तेथूनच आले. पुढे १९२४ साली संपूर्ण आकाशातील ढगांचे एकाच चित्रात छायाचित्र घेणारे भिंग रॉबिन हिल यांनी तयार केले. प्रकाशसंश्लेषणातील 'हिल प्रक्रिया' ज्यांच्या नावाने ओळखली जाते, तेच हे हिल.

अशा भिंगात कडेची भिंत पिंपासारखी फुगलेली दिसते. स्वस्त रुंद भिंगांतही हा दोष थोडा असतोच. म्हणून २.८ मिलिमीटरच्या खोक्यावर कधी कधी ९० ऐवजी १०० अंशांहून अधिक कोन छापलेला असतो. तो खोटा नसतो, पण कडेच्या भागात दर मीटरला मिळणारे बिंदू मध्यापेक्षा कमी भरतात. ज्या गोष्टीवर विशेष लक्ष ठेवायचे ती चित्राच्या कोपऱ्यात येऊ देऊ नये.

कॅमेरा कोठे लावावा, याचेही गणित आहे. आयताकृती अंगणाच्या एका बाजूच्या मधोमध ९० अंशांचा कॅमेरा लावला, तर त्याच्या डावी-उजवीकडचे दोन त्रिकोणी तुकडे दिसत नाहीत. तोच कोपऱ्यात, दोन्ही भिंतींशी ४५ अंशांचा कोन करून लावला, तर सारे अंगण त्याच्या कवेत येते, कारण आयताचा कोपराही ९० अंशांचाच! उंचीचे म्हणाल तर पुष्कळ लोक कॅमेरा जितका उंच तितका चांगला असे समजतात. या कॅमेऱ्याचा उभा कोन सुमारे ५९ अंश असतो. चित्राची वरची कड क्षितिजाला टेकेल इतका तो खाली झुकवला, तर ३ मीटर उंचीवरून भिंतीलगतचे १.८ मीटर आंधळे राहतात. ६ मीटरवरून ३.६ मीटर. शिवाय सहा मीटरवरचा कॅमेरा जवळच्या माणसाचा चेहरा न टिपता त्याची टोपी टिपतो. तीन-साडेतीन मीटर ही उंची बहुतेक ठिकाणी पुरते.

दिशेबद्दल मात्र थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण तेथे नेऱ्याचे अक्षांश मध्ये येतात. नेरे सुमारे १९ अंश उत्तरेला आहे. येथे २१ जूनच्या सुमारास सूर्य नेमक्या पूर्वेच्या २५ अंश उत्तरेला उगवतो आणि २२ डिसेंबरच्या सुमारास २५ अंश दक्षिणेला. सूर्योदयाची जागा वर्षभरात ५० अंशांच्या पट्ट्यात सरकत राहते. पूर्वेकडे तोंड केलेला ९० अंशांचा कॅमेरा पूर्वेच्या दोन्ही बाजूंना ४५-४५ अंश पाहतो, म्हणजे हा सगळा पट्टा त्याच्या दृश्यात येतो. माथेरान आणि प्रबळगडाच्या बाजूने वर येणारा सूर्य मग वर्षातल्या प्रत्येक निरभ्र सकाळी त्याच्या डोळ्यांत जाणार आणि समोरून येणारी माणसे काळ्या सावल्यांसारखी दिसणार. पश्चिमेकडे तोंड केले तर हेच संध्याकाळी. उत्तरेकडे तोंड असलेल्या कॅमेऱ्याला मात्र उगवतीचा किंवा मावळतीचा सूर्य कधीच चित्रात सापडत नाही. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य येथे डोक्याच्या किंचित उत्तरेकडून जातो खरा, पण तो इतका उंच असतो की कॅमेऱ्याच्या छोट्या छपरामुळे अडतो. जागा निवडण्याची मोकळीक असेल, तर रुंद कॅमेऱ्याला उत्तरेकडे तोंड करून बसवावे. आमच्या सोसायटीतला कॅमेरा अर्थातच पूर्वेकडे तोंड करून होता.

रात्रीचा हिशेब वेगळाच. '३० मीटरपर्यंत रात्रीचे दिसते' असे खोक्यावर लिहिलेले असते. दिव्याचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो, हे तुम्हाला माहीत आहे. त्यातच ४५ अंशांच्या शंकूत टाकलेला प्रकाश ९० अंशांच्या शंकूत पसरवला, तर तो जवळजवळ चौपट क्षेत्रावर विखुरतो. म्हणून रुंद कॅमेऱ्याचा रात्रीचा पल्ला छापलेल्या आकड्यापेक्षा बराच कमी धरावा. प्रकाश कमी म्हणून कॅमेरा आपले दार जास्त वेळ उघडे ठेवतो, समजा १/२५ सेकंद. ताशी साधारण १४ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला ४ मीटर धावणारा माणूस तेवढ्या वेळात १६ सेंटिमीटर पुढे जातो. हे अंतर म्हणजे चेहऱ्याची रुंदीच! मग बिंदू कितीही असोत, चेहरा फासलेलाच येणार. अंगणात एक साधा दिवा रात्रभर तेवत ठेवला, तर अवरक्त दिव्यांपेक्षा त्याचा उपयोग पुष्कळदा अधिक होतो, आणि रंगही खरे दिसतात.

कोकणातल्या पावसात कॅमेऱ्याची काच भिजते, आणि काचेजवळून पडणारे थेंब अवरक्त प्रकाशात काजव्यांसारखे चमकतात. वर चांगले वीतभर छप्पर असावे. खोक्यावरच्या 'आयपी ६६' मधला पहिला ६ धूळ अजिबात शिरत नाही असे सांगतो आणि दुसरा ६ जोराच्या फवाऱ्यापासून संरक्षण सांगतो. दुसरा आकडा ७ असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडूनही चालते. बाहेरच्या भिंतीसाठी ६६ पुरे. कोळी मात्र कोणत्याच आकड्याला जुमानत नाही. कॅमेऱ्याच्या दिव्यांभोवती किडे जमतात, किड्यांमागे कोळी येतो आणि भिंगासमोर जाळे विणून बसतो. महिन्यातून एकदा लांब काठीला फडके बांधून काच पुसणे, हा त्यावरचा माझ्या माहितीतला उत्तम उपाय आहे.

आणखी एक गोष्ट रुंद कॅमेऱ्यालाच लागू पडते. तो आपले अंगण पाहता पाहता शेजाऱ्याचेही पाहतो. जवळपास सर्व कॅमेऱ्यांत चित्राचा ठरावीक भाग काळा करून टाकण्याची सोय असते. शेजाऱ्याची खिडकी आणि ओटा तेवढा झाकून टाकावा, आणि तो झाकला आहे हे शेजाऱ्याला बोलावून पडद्यावर दाखवावे. कारखान्यातून आलेला पासवर्डही पहिल्याच दिवशी बदलावा. २०१६ साली 'मिराई' नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील असंख्य कॅमेरे आणि तत्सम उपकरणे ताब्यात घेतली, ती केवळ त्यांचे मूळ पासवर्ड कोणी बदललेले नव्हते म्हणून.

नेऱ्याच्या त्या सोसायटीने फाटकावर ६ मिलिमीटरचा कॅमेरा बसवला, ओढ्याकडची तार दुरुस्त केली आणि पंपघराच्या दाराशी दिवा लावला. मोटर काही परत मिळाली नाही. दूध घालणाऱ्या त्या मुलाकडे माझे स्नेही आणि समितीचे दोघे सभासद स्वतः वाडीवर जाऊन आले. आठवडाभर दूध दुसराच कोणी घालत होता, मग पुन्हा तो येऊ लागला. सहा गुणिले आठ चौकोनांचा तो आलेखकागद कार्यालयाच्या फळ्यावर अजून टाचलेला आहे.

तुमच्या शाळेत कॅमेरा असेल तर मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन एवढे करा. कॅमेऱ्याखालून टेप धरा आणि ५, १०, २० आणि ३० मीटरवर चुन्याच्या रेषा आखा. एका मित्राने एक मीटर लांबीची पांढरी पट्टी आडवी धरून प्रत्येक रेषेवर उभे राहावे. रेकॉर्डरमधले चित्र मूळ आकारात संगणकावर घ्या आणि पट्टी किती बिंदूंची भरते ते मोजा. अंतर दुप्पट झाले की बिंदू निम्मे होतात का, ते पाहा. मग याच हिशेबाने सांगा: तुमचे मैदान ५० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद आहे, कॅमेरा दोन मेगापिक्सेलचा, २.८ मिलिमीटर भिंगाचा आणि मैदानाच्या एका कोपऱ्यात लावलेला आहे. समोरच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या तुमच्या मित्राच्या चेहऱ्याला किती बिंदू मिळतील?